मंजिष्ठेचा फिका गुलाबी राखाडी का पडतो? वसंतातले फिके रंग, कोकणातलं पाणी आणि इथले डिझायनर

अबोली_रत्नागिरी

नमस्कार. फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचं कलेक्शन करायचं आहे. सहा पोशाख, ऋतू वसंत-ग्रीष्म, रंग सगळे फिके: अबोली, गुलाबी, पिस्ता, आसमानी, मोतिया आणि एक फिका जांभळा. कापड सुती मलमल, पन्हा ४४ इंच, एका पोशाखाला साधारण ३ मीटर. रंग शक्यतो वनस्पतींचे हवेत. विषयाच्या टिपणात 'कोकण' हा शब्द लिहिला आहे आणि तो नुसता शोभेला राहू नये असं मनापासून वाटतं.

दोन चाचण्या फसल्या आहेत. मात्रा देते, म्हणजे नेमकं सांगता येईल.

पहिली: ३ मीटर मलमल रिठ्याच्या पाण्यात २० मिनिटं उकळली. मग रंग धरायला कापडाच्या वजनाच्या २० टक्के हिरडा, २० टक्के तुरटी आणि त्यावर १० टक्के मंजिष्ठ (लाल रंग देणारी मुळी). तासभर खळखळून उकळी. पाणी जांभ्यातल्या, म्हणजे इथल्या लाल दगडातल्या, बोअरवेलचं. हवा होता फिका गुलाबी, आला राखाडीकडे झुकलेला मळकट विटकरी. घड्यांच्या रेषा गडद आणि मधे मधे पांढुरके ठिपके.

दुसरी: कोकमाच्या सालींचं पाणी, तुरटी घालून. भांड्यात रंग फार सुंदर. धुण्याच्या पावडरीने धुतल्यावर निळसर राखाडी झाला आणि खिडकीत चार दिवस ठेवल्यावर जवळजवळ गेलाच.

विचारायचं असं की गुलाबी कुठे बिघडतोय? इथल्या घामात आणि उन्हात टिकतील असे फिके रंग कोणते? आणि पेस्टलची, म्हणजे फिक्या रंगांची, जी फॅशन चालू आहे तिच्याशी इथल्या डिझायनरांचं काम जोडायचं कसं? 'यात स्थानिक काय?' हा प्रश्न परीक्षक विचारणारच.

चुना_तुरटी

अबोली, पहिल्या चाचणीत चार चुका एकमेकींवर बसल्या आहेत, म्हणून कोणती कुठली हे कळत नाहीये. एकेक सुटी करू.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. फिका रंग म्हणजे गडद रंगाची कमी मात्रा नव्हे. मरून रंगात कापडाची खळ (विणताना लावलेली कांजी), पाण्यातलं लोखंड, घडी, सगळं लपून जातं. फिक्यात काहीच लपत नाही. त्यामुळे फिक्या रंगाचं निम्म्याहून जास्त काम रंगाचं पातेलं चुलीवर चढण्याआधीच होतं.

राखाडी छटा लोखंडाची आहे. जांभा लाल दिसतो तोच मुळी लोहाच्या ऑक्साइडमुळे. उघड्या विहिरीत पाण्याला हवा लागते, तिथे बरंचसं लोह गंजून तळाला बसतं. बोअरवेलच्या पाण्याला खाली हवा मिळत नाही, म्हणून लोह विरघळलेलं राहतं आणि पाणी नितळ दिसतं. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह एकत्र आले की काळपट निळा-राखाडी रंग धरतो. जुनी शाई याच जोडीतून बनायची. म्हणजे गुलाबी रंगाच्या आधीच कापडावर पातळ शाई चढली होती.

खात्री करायला दोन काचेचे पेले घे. चमचाभर हिरडापूड कोमट पाण्यात भिजवून गाळ आणि तो अर्क दोन्ही पेल्यांत सारखा घाल. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी ओत. दहा मिनिटांनी पांढऱ्या कागदावर ठेवून वरून बघ. बोअरचा पेला निळसर-काळा झाला तर ते पाणी फिक्या रंगाला चालणार नाही. पंपाचे पाइप जुने गॅल्वनाइज्ड असतील तर उघड्या विहिरीच्या पाण्याचीही हीच चाचणी कर, कारण लोह पाइपातूनही येतं.

उपाय महाग नाही. पाणी एका बादलीतून दुसरीत उंचावरून दहा-बारा वेळा ओतायचं, दहा लिटरला चिमूटभर धुण्याचा सोडा घालायचा आणि दिवसभर झाकून ठेवायचं. तळाला तांबूस गाळ बसतो. वरचं पाणी हलू न देता काढून दुहेरी मलमलमधून गाळायचं आणि पुन्हा पेल्याची चाचणी घ्यायची. तरीही काळं पडलं तर हिरडा-तुरटीपासून रंगानंतरच्या धुलाईपर्यंत आरओचं पाणी वापर. समुद्राजवळची खारी विहीर मात्र सोडूनच दे.

भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं. एनॅमलचा टवका उडाला असेल तर आतलं लोखंड उघडं पडतं, ते भांडं बाद. ढवळायला लाकडी दांडा घे आणि तो फिक्या रंगांसाठी वेगळाच ठेव.

पांढुरके ठिपके खळीचे आहेत. रिठ्याने २० मिनिटांत मळ निघतो, खळ आणि कापसातलं मेण निघत नाही. मलमल रात्रभर साध्या पाण्यात भिजव, सकाळी ते पाणी टाकून दे. मग कापडाच्या वजनाच्या ४ टक्के सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा) आणि थोडा साधा साबण घालून दीड तास मंद उकळ. पाणी चहासारखं पिवळं होईल. ते फेकून पुन्हा स्वच्छ पाण्यात उकळी दे. खळ आणि मेण निघालं की नाही हे एका थेंबाने कळतं: वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाक, तो क्षणात शोषला गेला तर पुढे जा. मोत्यासारखा वर बसून राहिला तर अजून एक उकळी.

तुझ्या मात्रांचा हिशेब असा. मलमल चौरस मीटरला ६५ ग्रॅम धरली तर ३ मीटरचं वजन सुमारे २२० ग्रॅम. प्रत्यक्ष वजन कापड उकळून, वाळवून कर, कारण खळीचं वजन फसवतं. पाणी कापडाच्या चाळीसपट, म्हणजे ९ लिटर. एरवी तीसपट पुरतं, पण फिक्या रंगाला मोकळं पाणी हवं, नाहीतर घडीच्या रेषा येतातच. पातेलं १५ लिटरचं घे, ढवळायला जागा राहते.

हिरडा १० टक्क्यांवर आण, २२ ग्रॅम. ५० अंशांच्या पाण्यात तासभर. पिळून, न धुता, पुढे तुरटी १५ टक्के, ३३ ग्रॅम. सुती कापडावर नुसती तुरटी नीट धरत नाही, म्हणून ४ ग्रॅम सोडा अ‍ॅश वेगळी विरघळवून थोडी थोडी तुरटीच्या पाण्यात घाल. फसफसतं, घाई करू नकोस. कोमट पाण्यात दोन तास, मग रात्रभर त्यातच. सकाळी एकदा हलक्या हाताने खळबळून घे.

मंजिष्ठ ६ टक्के पुरे, १३ ग्रॅम. पूड रात्रभर भिजवून फडक्याच्या पुरचुंडीत बांध, सुटी टाकलीस तर कण चिकटून ठिपके पडतील. कापड ओलं करून थंड पाण्यातच घाल आणि पाऊण तासात हळूहळू ६५ अंशांवर ने. तिथेच पाऊण तास ठेव, आच बंद कर, कापड त्यातच निवू दे. ७० च्या पुढे गेलीस की मुळीतले पिवळे-तपकिरी घटक सुटतात आणि गुलाबीचा विटकरी होतो. तुझा विटकरी हा खळखळून उकळल्याचा आहे. थर्मामीटर नसेल तर काठाला बारीक बुडबुडे चिकटायला लागले की आच कमी करायची.

एक बारकावा जांभ्याच्या पाण्याचा. ते बहुधा मऊ असतं, त्यात चुन्याचा अंश कमी. मंजिष्ठेला थोडं कॅल्शियम मिळालं तर गुलाबी उजळतो. दहा लिटरला ५ ग्रॅम खडूची शुद्ध पूड घाल. फळ्यावरच्या खडूची नको, त्यात जिप्सम असतं.

कोकमाबद्दल: सालीचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. आंबटात लाल, साबणाच्या खारेपणात निळा-राखाडी, उन्हात जातो. तुरटीने तो टिकाऊ होत नाही. साड्यांच्या रंगांत 'आमसुली' हा सुंदर शब्द आहे, पण तो रंगाच्या दिसण्याला दिलेला. कोकमाचा पोशाख अंगावर घालायला देऊ नकोस.

सुईत_दोरा

वरचं सगळं पटतं, फक्त हिरडा गुलाबीला नको. हिरड्याला स्वतःचा पिवळा आहे. १० टक्क्यांतही पाया मोतिया होतो आणि वरचा गुलाबी अबोलीकडे सरकतो. अबोलीला हिरडा उत्तम. गुलाबी आणि जांभळ्याला मायफळ वापर (जायफळ नव्हे, ओकच्या झाडावरची गाठ). काष्ठौषधींच्या दुकानात काही जण माजुफळ म्हणतात. ६ टक्के, म्हणजे २२० ग्रॅमला १३ ग्रॅम. त्याचा पाया जवळजवळ पांढरा राहतो. लोखंडाशी मात्र तेही तितकंच काळं पडतं, त्यामुळे पाण्याची गोष्ट तशीच लागू.

आता शिवणाचं, कारण रंग जमला आणि शिवण दिसली तर फिका पोशाख स्वस्त दिसतो. मलमल पारदर्शक, आतली प्रत्येक दुमड बाहेरून रेघ होऊन दिसते. इंटरलॉक अजिबात नको. फ्रेंच सीम घाल: आधी उलट बाजू एकमेकींना लावून ४ मिलिमीटरवर टीप, शिवण ३ मिलिमीटरपर्यंत छाट, उलटव, इस्त्री कर, मग ६ मिलिमीटरवर दुसरी टीप. छाटायचा आळस केला तर धाग्याचे केस शिवणीतून बाहेर डोकावतात. सुई ९ किंवा ११ नंबर, इंचाला १२ ते १४ टाके. १४ नंबरच्या सुईची भोकं मलमलवर कायमची राहतात.

गळ्याला आणि बाहीच्या मुंढ्याला कॅनव्हास किंवा चिकट बकरम लावू नको. त्याची सावली दिसते आणि दमट हवेत काही महिन्यांत फोड येतात. त्याच कापडाची उरेब पट्टी, ३ सेंटिमीटर रुंद कापून दुहेरी दुमडलेली, पुरते. ही पट्टी पोशाखाच्या कापडासोबत एकाच पातेल्यात रंगवलेली हवी. नंतर वेगळी रंगवलेली पट्टी कधीच तंतोतंत जुळत नाही. म्हणून रंगवताना ३ मीटरच्या जागी साडेतीन मीटर घे आणि सगळ्या मात्रा त्या वजनावर काढ.

अस्तर पांढरं घेतलंस तर फिका गुलाबी खडूसारखा मेलेला दिसतो. घालणारीच्या त्वचेच्या जवळचं अस्तर घे, रंगाला खोली येते. खुणा साबणाच्या चिपेने कर. रंगीत खडू आणि कार्बनच्या रेषा फिक्यावरून जात नाहीत.

माडाखालचं_ऊन

तिसऱ्या प्रश्नाकडे येते.

फॅशनच्या वेळापत्रकातला 'वसंत' आपल्या वसंताशी जुळत नाही. परदेशी वसंत-ग्रीष्म कलेक्शन आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दाखवली जातात आणि तिथल्या थंडीनंतरच्या कोवळ्या उन्हासाठी केलेली असतात. कोकणात फाल्गुन आला की हवा दमट, ऊन कडक. शिमग्याच्या पालख्या, मग पाडवा, मग मे महिन्यापर्यंत लग्नं. हे कपडे या दिवसांत कुठे घातले जाणार ते टिपणात लिही: पालखी नाचवताना, होडीवर, मांडवात. परीक्षकांना ऋतू तिथेच दिसेल.

चालू फॅशनचे दोन-तीन टप्पे माहीत असावेत. पँटोन या रंगांना क्रमांक देणाऱ्या कंपनीने २०१६ साली रोझ क्वार्ट्झ आणि सेरेनिटी, म्हणजे फिका गुलाबी आणि फिका निळा, असे एकत्र दोन 'वर्षाचे रंग' जाहीर केले. २०२४ चा रंग पीच फझ, म्हणजे फिका केशरी-गुलाबी. आपल्याकडे २०१७ च्या डिसेंबरात अनुष्का शर्माने लग्नात सब्यसाची या डिझायनरचा फिका गुलाबी लेहंगा घातला आणि लाल-मरून सोडून नवरीने फिकं नेसणं घरोघरी चर्चेत आलं. एवढं पुरे. त्यापुढे रंगांची नावं तुझ्या भाषेतली ठेव. पीच फझच्या शेजारी बसणारा रंग आपल्याकडे वेणीत माळला जातो, तुझ्या नावातच आहे. मोतिया, बदामी, पिस्ता, आसमानी, अबोली ही नावं साडीच्या दुकानात आजही चालतात. शेड कार्डवर हीच लिही, पँटोनचा क्रमांक खाली बारीक अक्षरात.

इथल्या डिझायनरांत वेंडेल रॉड्रिक्स नीट अभ्यास. गोव्याच्या कोलवाळ गावात राहून काम केलं, २०१४ ला पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये निधन झालं. त्यांनी कुणबी साडी पुन्हा विणून घेतली आणि आजच्या नेसण्यात आणली. मूळची कुणबी साडी लाल, पांढऱ्या चौकड्यांची, शेतात कामाला सोयीची अशी गुडघ्यापर्यंत आखूड. त्यात बघण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी चौकड्यांची चित्रं कापडावर छापली नाहीत. ते विणकराकडे, मापाकडे, नेसण्याच्या पद्धतीकडे गेले. तुझ्या कामाला हीच दिशा आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात हातमागाची मोठी पेठ आज नाही, आणि तसं दाखवूही नकोस. मलमल बाहेरूनच येणार. एकेकाळी चौलचं बंदर रेशमी कापडासाठी नावाजलेलं होतं, पण त्याचा तुझ्या मलमलीशी संबंध जोडणं ओढूनताणून होईल. स्थानिक काय, तर दोन गोष्टी. एक रंगाचं पाणी आणि साहित्य. दुसरी कापडाची रचना: कोळणीच्या लुगड्याचा काष्टा, जो पाय मोकळे ठेवतो आणि घोट्याच्या वर थांबतो, कोळ्यांच्या सुरक्याचा (कमरेला बांधायच्या रुमालाचा) चौकडीचा त्रिकोण. या दोन्हींत कातरकाम जवळजवळ नाहीच. ३ मीटरमधून काष्ट्याची विजार काढ, तिचं कापड कसं पडतं ते मापून कागदावर मांड. फिक्या रंगात ही रचना स्पष्ट दिसते, कारण सावलीच्या रेषा दिसतात. गडद रंगात त्या बुडाल्या असत्या.

सावंतवाडीच्या गंजिफा (खेळायची रंगवलेली पानं) आणि पिंगुळीची चित्रकथी (चित्रांतून सांगितलेल्या कथा) यांचा मोह होईल. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं, दहा रंगांत प्रत्येकी बारा. चित्र उचलून कुर्त्याच्या छातीवर छापलं तर ते पोस्टर होतं. गंजिफेतून घ्यायचंच असेल तर प्रमाण घे: गोलाच्या कडेला गडद पट्टी किती, आतलं मैदान किती. ते प्रमाण फिक्या पोशाखाच्या गोटाला लाव. चित्र हवंच असेल तर कलाकाराकडून करून घे, पैसे दे आणि त्यांचं नाव फलकावर लिही.

आणि एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. फिके रंग गोऱ्यांनाच शोभतात हा समज मॉडेल निवडताना मनातून काढून टाक. सावळ्या त्वचेवर मोतिया आणि अबोली जितके खुलतात तितके गोऱ्या त्वचेवर खुलत नाहीत, कारण तिथे रंग आणि त्वचा एकमेकांत विरघळतात. खडूसारखा पांढरट पेस्टल मात्र सावळ्या त्वचेवर राखेसारखा दिसतो. त्याला थोडा पिवळा आधार हवा. मंजिष्ठ आणि हिरडा तो आपोआप देतात. रंग ठरवताना ट्यूबलाइटखाली ठरवू नकोस. सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला, माडाच्या सावलीत आणि उघड्यावर, दोन्हीकडे कापड धर. माडाखाली प्रकाश हिरवट होतो, गुलाबी लगेच मळका वाटतो आणि पिस्ता उठून दिसतो.

अबोली_रत्नागिरी

पेल्यांची चाचणी केली. बोअरचा पेला दहा मिनिटांत शाईसारखा, आरओचा पिवळसर. कारण सापडलं. मनापासून आभार सगळ्यांचे.

पिस्ता, आसमानी आणि जांभळा कसे करू? आणि जांभळा वनस्पतींतून जमलाच नाही तर रासायनिक रंग घेणं चुकीचं ठरेल का?

चुना_तुरटी

आसमानी आणि पिस्ता दोन्हींचा पाया नीळ, म्हणजे झाडाची नीळ, पांढऱ्या कपड्यांना घालतात ती नव्हे. फिक्या निळ्यासाठी लोक जोरकस निळीत एकदा पटकन बुडवतात. तो रंग धाग्याच्या वरवर बसतो, घासल्यावर आणि धुतल्यावर जातो. उलट कर: निळीचं पाणी खूप हलकं आणि बुडवणं तीन-चारदा.

१० लिटरला नीळ १० ग्रॅम, विरलेल्या चुन्याची कोरडी पूड २० ग्रॅम, फ्रुक्टोज (फळसाखर) ३० ग्रॅम. हे एक-दोन-तीनचं प्रमाण लक्षात राहतं. नीळ थोड्या गरम पाण्यात गोट्यांसह बाटलीत हलवून एकजीव कर, कोरडी टाकलीस तर गुठळ्या तरंगतील. पाणी ५० अंश, आधी फ्रुक्टोज, मग नीळ, शेवटी चुना. हातमोजे घाल, चुना कातडी खातो. तासाभराने वर तांबूस साय आणि खालचं पाणी पिवळट हिरवं दिसलं की तयार. पाणी निळंच असेल तर नीळ सुटलेली नाही. थोडं गरम कर, चमचाभर फ्रुक्टोज वाढव, थांब.

ओलं कापड पाण्याखालीच ठेवून एक मिनिट, तळाच्या चुन्याला लागू न देता. काढताना थेंब वरून पडू देऊ नकोस, प्रत्येक थेंब हवा आत नेतो. बाहेर पंधरा मिनिटं मोकळं पसर, हिरव्याचा निळा होईल. पुन्हा. शेवटी १० लिटरला १०० मिलिलिटर व्हिनेगर घातलेल्या पाण्यातून काढ, नाहीतर उरलेला चुना कापड खरखरीत करतो आणि पुढे तुरटीही नीट धरत नाही.

पिस्त्याला याच्या सर्वांत फिक्या निळ्यावर मायफळ-तुरटी आणि मग डाळिंबाची साल १० टक्के. नीळ नेहमी आधी. नंतर बुडवलीस तर चुन्याच्या खारेपणात खालचा पिवळा बिघडतो. अबोलीला मंजिष्ठ ३ टक्के आणि डाळिंब ५ टक्के एकाच पाण्यात. मोतियाला वेगळा रंग नकोच, ५ टक्के हिरडा आणि तुरटी झाली की मोतियाच येतो. 

हळदीचा मोह टाळ. लिंबू-पिवळा सुरेख येतो, पण उन्हात कोकमासारखाच जातो.

जांभळा असा: हलक्या निळीत एकदा बुडव, मग मायफळ-तुरटी, मग ५ टक्के मंजिष्ठ. येतो तो धुळकट, राखेची छटा असलेला जांभळा. स्वच्छ लॅव्हेंडर या जोडीतून निघत नाही. धुळकट चालत असेल तर ठेव, माझ्या मते तो कलेक्शनमध्ये चांगला बसेल.

प्रमाण_चिपळूण

रासायनिक रंग चुकीचा नाही. नैसर्गिक म्हणून विकणं चुकीचं. स्वच्छ जांभळा हवा असेल तर कोल्ड ब्रँड रिअ‍ॅक्टिव्ह (कोमट पाण्यातच धरणारा रासायनिक रंग) घे आणि लेबलवर तसं लिही. तीच गोष्ट फलकावरही.

फिक्या शेडमध्ये वजनाची चूक सर्वांत महाग पडते. २२० ग्रॅम कापड, त्याच्या वजनाच्या ०.२ टक्के शेड म्हणजे ०.४४ ग्रॅम रंग. हे घरच्या काट्यावर मोजता येत नाही. १ ग्रॅम रंग १०० मिलिलिटर पाण्यात विरघळव, हे झालं १ टक्का द्रावण. त्यातलं ४४ मिलिलिटर सिरिंजने घे. जांभळ्यासाठी लाल आणि निळा असे दोन वेगळे द्रावण कर. निळा म्हणून टर्क्विझ घेऊ नकोस. त्याला जास्त तापमान लागतं, लाल आधी चढतो आणि एका पोशाखातही छटा बदलते.

पाणी तीसपट, साडेसहा लिटर. ओलं कापड रंगात दहा मिनिटं मीठ न घालता फिरव. मीठ लिटरला २० ग्रॅम, एकूण १३० ग्रॅम, पण तीन भागांत, दर दहा मिनिटांनी. एकदम घातलं की रंग कापडावर तुटून पडतो आणि चट्टे येतात. मीठ घालताना कापड बाजूला उचल, त्याच्यावर ओतू नकोस. मग सोडा अ‍ॅश लिटरला ८ ग्रॅम, सुमारे ५२ ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून दोन भागांत. ३५ ते ४० अंशांवर तासभर. नंतर थंड पाण्यात दोनदा, गरम पाण्यात एकदा, आणि साबण लिटरला २ ग्रॅम घालून दहा मिनिटं उकळी. ही उकळी टाळली तर न धरलेला रंग पहिल्या घामात अस्तरावर उतरतो. इथेही पाण्यातलं लोह छटा मारतं, म्हणून गाळलेलंच पाणी.

कापड घेताना अंधारात यूव्ही टॉर्चखाली धर. निळसर-पांढरं चमकलं तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कापड जास्त पांढरं दाखवणारं रसायन, आहे. त्यावर फिका गुलाबी कधीच उबदार दिसत नाही. दुकानात 'आरएफडी' (रेडी फॉर डाइंग, रंगवण्यासाठी तयार) किंवा 'रंगाई' मलमल माग.

आता टिकाऊपणा. प्रत्येक रंगाच्या चार पट्ट्या, ४ बाय १० सेंटिमीटर. एक जपून ठेवायची. एकीचा अर्धा भाग काळ्या कार्डने झाकून दक्षिणेच्या खिडकीत आठवडाभर. एक घामासाठी: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम मीठ, अर्ध्या पाण्यात थोडं व्हिनेगर, अर्ध्यात चिमूटभर सोडा, कारण घाम आधी किंचित आंबट असतो आणि साचला की खारा होतो. पट्टीचे दोन तुकडे करून दोन्हींत भिजव, पांढऱ्या सुती कापडात सँडविच कर, दोन काचांमध्ये वजनाखाली ३७ अंशांच्या आसपास चार तास. पांढऱ्यावर रंग उतरला का आणि पट्टीची छटा बदलली का, दोन्ही बघ. चौथी पट्टी कोरड्या आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा-दहा वेळा घास.

प्रयोगशाळेत हेच काम आयएसओ १०५ या मानकाच्या बी०२ (प्रकाश), ई०४ (घाम) आणि एक्स१२ (घासणं) या पद्धतींनी होतं. घरची चाचणी त्यांची जागा घेत नाही, पण कोणता रंग काखेजवळ वापरू नये ते नक्की कळतं. मंजिष्ठ सोड्याकडे किंचित निळसर गुलाबी होते, त्यामुळे घट्ट बाहीच्या ब्लाउजला ती नको. सैल काष्ट्याला हरकत नाही.

पट्ट्या फाइलमध्ये लाव आणि प्रत्येकीखाली कापडाचं वजन, पाणी कुठलं, मात्रा, तापमान, वेळ लिही. हे पान कलेक्शनइतकंच मोलाचं आहे.

सुईत_दोरा

एक राहिलं. पोशाख तयार झाल्यावर सादरीकरणापर्यंत पावसाचे दिवस मधे येत असतील तर कांजी किंवा स्टार्च अजिबात लावू नको. दमट हवेत बुरशी खळीवर आधी धरते आणि मोतियावर तिचे काळे ठिपके जात नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या जुन्या सुती साडीत गुंडाळ. महिन्यातून एकदा कोरडं ऊन पडलं की घड्या बदल, त्याच घडीवर रंग उडतो.

हूक, प्रेस बटण आणि टाचण्या पितळेच्या किंवा कोटिंगच्या घे. साधी टाचणी ओल्या हवेत दोन दिवसांत गंजते आणि मायफळ-हिरडा लागलेल्या कापडावर तो गंज तांबडा राहत नाही, काळा होतो. इस्त्रीची वाफ आधी जुन्या फडक्यावर दोन मिनिटं सोड. टाकीत गंज असेल तर पहिला थेंब तिथे पडू दे.

डाग पडलाच तर लिंबू लावून उन्हात ठेवायची घरगुती युक्ती इथे चालत नाही. लिंबू गंज काढेल, पण त्याच्यासोबत तुरटी सुटते आणि त्या जागी रंग उडून पांढरा गोल उरतो. त्यापेक्षा त्या जागेवर तेच कापड, म्हणजे रंगवताना वाचवलेल्या अर्ध्या मीटरमधलं, पट्टीसारखं वरून लाव.

अबोली_रत्नागिरी

साडेतीन मीटरचा हिशेब केला: सुमारे २५५ ग्रॅम, पाणी १० लिटर, मायफळ १५, तुरटी ३८, सोडा अ‍ॅश ५, मंजिष्ठ १५. आरओचं पाणी साठवायला सुरुवात केली आहे. गुलाबी आधी, जांभळा धुळकटच ठेवते. पट्ट्या वाळल्या की वजनांसह इथे टाकते.